रिकामा डबा मागू नका

आधी माझी तक्रार लिहून घ्या. नमस्कार मागाहून करीन.

टेंभेकर मॅडमांना मी तीन पत्रं टाकली. तिन्हींची उत्तरं आली ती तुमच्या गौरव समितीच्या सचिवांची. टाइप केलेली, खाली सही, सहीखाली शिक्का. मी विचारलं होतं की घशाची जखम भरली का, घास गिळताना दुखतं का, आवाज परत येईल असं डॉक्टर म्हणतात की नाही. उत्तर आलं, "आपल्या शुभेच्छा मॅडमांपर्यंत पोहोचवण्यात आल्या आहेत." मी शुभेच्छा पाठवल्याच नव्हत्या. मी प्रश्न पाठवले होते. प्रश्नांना शुभेच्छा समजणारं माणूस सचिव कसं झालं, ते समितीलाच ठाऊक.

चौथं पत्र समितीने आपणहून पाठवलं. त्यात दोन मागण्या आहेत. मॅडमांना साठ वर्षं पूर्ण होतात म्हणून ग्रंथ निघतो आहे, त्यासाठी मी "भावपूर्ण" लेख द्यावा, ही एक. आणि माझा पितळेचा डबा समारंभात काचेच्या कपाटात मांडायचा आहे, तरी तो "रिकामा व स्वच्छ करून" पाठवावा, ही दुसरी. लेख हा लिहिते आहे. डब्याचं शेवटी सांगते.

आता नमस्कार. मॅडमांच्या विद्यार्थ्यांना, त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांना आणि हे पुस्तक हातात घेणाऱ्या सगळ्यांना. मी वेणूबाई, राहणार वरवट बकाल, तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा. शाळा चौथीपर्यंत. माझी सून संगीता बारावी आहे, ती हे तपासून देणार आहे. तिला बजावलं आहे की काना-मात्रा सुधार, माझं म्हणणं सुधारू नको.

डॉ. वासंती टेंभेकर पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजात शिकवतात. त्यांचा विषय काय, हे मला गावात पुष्कळांनी विचारलं आहे. मी असं सांगते. पडद्यावर चित्र हलतं ते आपण सगळे पाहतो, पण आपण नुसते बसून पाहतो. मॅडमांचं म्हणणं, घरातली एखादी वस्तू माणसाने हातात धरावी, उचलावी, हलवावी, आणि तिच्या हलण्याने पडद्यावरचं चित्र हलावं. म्हणजे चित्राची दोरी माणसाच्या हातात. यावर त्यांनी इंग्रजीत जाड पुस्तकं लिहिली. त्यातल्या एकाच्या मुखपृष्ठावर माझा डबा आहे. डब्याचा चेपलेला भाग पुढे करून फोटो काढला आहे, त्याचा राग मला अजून आहे.

पहिली ओळख सांगते. सोळा वर्षं झाली. भाद्रपदातली पौर्णिमा होऊन चार-सहा दिवस झाले होते. आमच्याकडे त्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. दिवे लागायच्या वेळेला गल्लीतल्या पोरी घरोघर जातात, गाणी म्हणतात. गाणी संपली की खाऊ ओळखायचा. घरची बाई खाऊ डब्यात घालते, झाकण लावते आणि पोरींच्या कानापाशी डबा हलवते. आवाजावरून ओळखायचं. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. खेळ एवढाच.

त्या दिवशी दारात एक बाई उभ्या. अंगावर सुती साडी, पायात पुरुषासारखे बूट, खांद्याला तीन पिशव्या. मी म्हटलं, "सर्व्हेवाल्या काय तुमी? घरात गॅस हाये, संडास हाये, लिहून घ्या अन् जा."

त्या म्हणाल्या, "मावशी, मी डबा ऐकायला आले आहे."

भुलाबाई पाहायला आलेल्या बाया मी पुष्कळ पाहिल्या होत्या. डबा ऐकायला आलेल्या या पहिल्याच. मी त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि वेड्या असाव्यात असं मनात म्हटलं.

पोरी जमल्या, गाणी झाली. मी डब्यात फुटाणे घातले होते. मॅडमांनी पिशवीतून आवाज धरायचं यंत्र काढलं, बटण दाबलं आणि फार मानाने मला म्हणाल्या, "हं मावशी, आता हलवा."

आमच्यात आजीला, आईला "हालव वं" म्हणतात. "हलवा" असं मानाने डबा हलवायला कोणी सांगत नाही. त्यामुळे पोरींनी एकच गलका केला.

"हलवा! हलवा हाये!"

"पुण्याच्या बाईनं सांगून देल्लं!"

"आजी, उघड वं, आमी ओयखलं!"

मी डबा खडाखडा वाजवून दाखवला. "अवं बह्याडांनो, हलवा असा वाजते काय? कानात बोये घातले काय?"

"मंग बाई काऊन हलवा म्हणून राह्यली?"

मॅडमांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की ओट्यावरून घसरून खाली बसल्या. हसणं मोठं होतं त्यांचं, आंब्याच्या झाडावरचे पक्षी उडतील असं. तेव्हापासून दर वर्षी त्या आल्या की पोरींच्या ओळीत शेवटी उभ्या राहायच्या, मी डबा हलवला की डब्यात काहीही वाजो, पहिलं उत्तर त्यांचं "हलवा." मुद्दाम. आणि सोळा वर्षांत मी डब्यात हलवा एकदाही घातला नाही. कशाला घालू? मॅडम पहिल्याच दमात जिंकल्या असत्या.

त्यांचं काम कसं असतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहिते. दुसऱ्या वर्षी त्या दोन विद्यार्थिनींना घेऊन आल्या आणि माझ्या अंगणात पाट मांडून बसल्या. पाटावर एक शेंगदाणा. त्या शेंगदाण्याला बारीक कुंचल्याने डोळे काढलेले. वर कॅमेरा. शेंगदाणा केसभर सरकवायचा, फोटो काढायचा. पुन्हा केसभर सरकवायचा, पुन्हा फोटो. सकाळी बसल्या त्या उन्हं उतरेपर्यंत. शेंगदाणा दिवसभरात वीतभर चालला. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या इकडची मुंगी याच्याहून जास्त चालते, अन् तिले कोणी फोटो काढत नाही."

"मावशी, मुंगी आपली आपण चालते. याला आपण चालवतोय."

"चालवून कुठी नेऊन राह्यल्या त्याले?"

"तुमच्या डब्यात."

तिसऱ्या दिवशी शेंगदाणा पाटाच्या काठापर्यंत पोहोचला आणि माझ्या कोंबडीने तो खाल्ला. तीन दिवसांची मेहनत एका चोचीत गेली. एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काठी घेऊन कोंबडीच्या मागे धावले. मॅडम जागच्या हलल्या नाहीत, कॅमेऱ्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "चोच आली आहे. शेवटच्या तिन्ही फोटोंत चोच आली आहे." त्या चित्रात आजही शेंगदाणा ऐटीत चालत येतो आणि कोंबडी त्याला खाते. पोरं तिथेच सगळ्यात जास्त हसतात. झालेली चूक पुसायची नाही, तिला कामाला लावायचं, हे मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या घरात अजून कोणाला जमलेलं नाही, मलासुद्धा नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी बटणाएवढी चकती आणून माझ्या डब्याच्या बुडाला चिकटवली. भिंतीला माझं पांढरं लुगडं बांधलं, त्यावर उजेड पाडला. डबा हलवला की चकती आवाज ऐकते, सोबत आणलेल्या मशीनला सांगते, आणि लुगड्यावर आतला खाऊ नाचायला लागतो. मुरमुरे असले की मुरमुरे उडतात, शेव असली की शेव वळवळते. त्यासाठी मॅडमांनी माझ्याकडून एकेक खाऊ घालून दोन दोनशे वेळा डबा हलवून घेतला होता. शेव आणि बेसनाच्या गाठी यांतला फरक मात्र मशीनला आधी कळला, मॅडमांना मागून.

त्या वर्षी मी परीक्षा घ्यायची ठरवली. सकाळीच शिरा केला, डब्यात काठोकाठ दाबून भरला आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर हलवला. आवाज शून्य. मशीनने थोडा विचार केला आणि लुगड्यावर अक्षरं आली, "डबा रिकामा आहे." पोरी हिरमुसल्या. मी झाकण काढून डबा मॅडमांच्या नाकाखाली धरला. "रिकामा? तुमच्या मशीनले सांगा, वाजत नाही म्हणून रिकामा नसते."

दुसरं कोणी असतं तर हसून मिटवलं असतं, किंवा म्हटलं असतं की म्हातारीने मुद्दाम फसवलं. मॅडमांनी वही काढून माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. शिरा थंड झाला तरी खाल्ला नाही. पुढे एक वर्ष त्यांनी यातच घालवलं. आता डबा वाजला नाही तर मशीन "रिकामा" म्हणत नाही. डबा ज्याच्या हातात आहे त्याला विचारतं, "जड लागतो का? गरम आहे का? वास येतो का?" मॅडमांनी मला समजावलं की मशीनला ऐकू येत नाही ते हाताला कळतं, म्हणून हाताला विचारायचं. त्यांच्या पुस्तकात यावर एक पूर्ण प्रकरण आहे असं संगीता सांगते. हे मी माझ्या मोठेपणासाठी लिहीत नाही. पुढे लागणार आहे म्हणून लिहिते आहे.

आता मनीषाचं सांगते. आमच्या गल्लीतली पोरगी. बोलताना अडखळायची. तिला खाऊ सगळ्यांत आधी कळायचा, पण "शें... शें..." होईपर्यंत बाकीच्या ओरडून मोकळ्या. इतकी वर्षं मी डबा हलवत होते, मला ते दिसलं नाही. दिसलं असेल तरी मी काही केलं नाही, खरं ते लिहावं. मॅडमांना पहिल्या दोन वर्षांतच दिसलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी पिशवीतून पाट्या आणि खडू काढले आणि सांगितलं, "ओरडलेलं उत्तर धरायचं नाही. काढलेलं धरायचं." पोरींनी पाटीवर चित्रं काढली. मॅडमांनी मनीषाची पाटी कॅमेऱ्यासमोर धरली आणि तिने काढलेला वाकडातिकडा लाडू लुगड्यावर टुणकन उडाला, गडगडत गेला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. मनीषा तोंडावर हात ठेवून पाहत राहिली. मग तिने धावत जाऊन लुगड्यावरच्या लाडवाला बोट लावून पाहिलं. आज ती बीबी गावी दिलेली आहे, दोन लेकरांची माय आहे, आणि तिच्या सासरी भुलाबाईत पाट्याच असतात. मॅडमांनी यावर कुठे भाषण केल्याचं मी ऐकलं नाही. पाट्यांची पिशवी मात्र दर वर्षी न विसरता आणायच्या. छत्री विसरायच्या, चष्मा विसरायच्या, एकदा तर परतीचं तिकीट माझ्या देव्हाऱ्यात विसरल्या. पाट्या नाही.

मला त्यांनी एकदा पुण्याला नेलं होतं. मोठं सभागृह, खुर्च्या मऊ, थंडी इतकी की मी पदर कानावरून घेतला. तिथे बक्षीस ठरवणाऱ्या लोकांना डबा दाखवायचा होता. मशीनमध्ये माझा आवाज भरलेला आहे. डबा हाती घेतला की मशीन माझ्या आवाजात म्हणतं, "ओयखा बरं, काय हाये?" ते ऐकल्यावर मागच्या ओळीत खिदळणं झालं. एक मोठे साहेब पुढे आले आणि मॅडमांना म्हणाले, "काम उत्तम आहे. पण आवाज बदलून घ्या. 'ओळखा' असं स्वच्छ हवं. भाषा जरा निवडून घ्या."

मॅडम म्हणाल्या, "निवडायला हे तांदूळ नाहीत, सर. डबा वरवटचा आहे, तो तिथल्याच बोलीत विचारणार."

साहेब म्हणाले, "मग बक्षिसाचा विचार करता येणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "नका करू." आणि डबा उचलून माझ्याकडे दिला. बाहेर आल्यावर मी त्यांना चांगलं झापलं. "काऊन भांडल्या? आवाज बदलला असता तं माह्यं काय जात होतं?" त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला भूक लागली आहे, आधी जेवू." जेवायला नेलं आणि जेवणात त्यांनी माझ्यासाठी वांग्याची भाजी मागवली, ती गोड होती. त्याबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही.

आता ज्या कारणाने मला हा लेख नीट बसून लिहिता येत नाही त्याकडे येते.

या वर्षी मॅडम भुलाबाईला आल्या नाहीत. सोळा वर्षांत पहिल्यांदा. पौर्णिमा झाली, आठ दिवस झाले, मी शेगावहून येणाऱ्या प्रत्येक एसटीच्या वेळेला ओट्यावर. संगीताने फोन लावला. कोणी दुसऱ्याच बाईने उचलला आणि म्हणाली, "मॅडम सध्या बोलू शकत नाहीत." मला राग आला. मोठ्या माणसांच्या ऑफिसात असंच सांगतात, बोलू शकत नाहीत, मीटिंग आहे, मागून करा. मी संगीताला म्हटलं, "ठेव तो फोन. बोलू शकत नाही तं नको बोलू. आमी काय त्यायच्या दारात बसलो काय?"

पुढे महिनाभर मी फोन लावू दिला नाही. संगीता म्हणायची, "आई, एकदा विचारून तं पाहू."

"नाव काढू नको."

"तुमीच रोज एसटी पाहून राह्यल्या."

"एसटी काय त्यायच्या बापाची हाये? मी पाहीन नाही तं नाही."

कोजागिरीनंतर त्यांच्या एका विद्यार्थिनीकडून संगीताला कळलं की मॅडमांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं. बोलू शकत नाहीत म्हणजे खरंच बोलू शकत नाहीत. त्या फोनवरच्या बाईने मला खरं तेच सांगितलं होतं. मी ते खोटं म्हणून ऐकलं. डब्यातल्या खाऊचा आवाज पन्नास वर्षं ओळखणारी मी, आणि माणसाचं एक साधं वाक्य मला ओळखता आलं नाही.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. पत्रं टाकली त्यांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. डॉक्टर काय म्हणतात, कोणी सांगत नाही. समितीच्या पत्रात लिहिलं आहे, "मॅडमांचे कार्य थोर होते, त्यांचा आवाज विद्यार्थ्यांना सदैव आठवत राहील." होते? राहील? मी संगीताला ती ओळ तीनदा वाचायला लावली.

"संगीता, हे गेलेल्या माणसाचं लिहिलं हाये काय वं?"

"नाही आई. शहरातले लोक असंच लिहितात."

"जित्या माणसाले होते लिहितात?"

तिने पत्राची घडी घातली. तिची विषय मिटवायची ही रीत मला माहीत आहे, तिलाही तसंच वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट मला सारखी टोचते. मॅडमांनी माझा आवाज पुण्यात जपून ठेवला. मुरमुऱ्यांचा ठेवला, शेवेचा ठेवला, कोंबडीचा ठेवला. त्यांचा स्वतःचा कोणी ठेवला? त्या सदा कॅमेऱ्याच्या मागे, यंत्राच्या मागे. बटण दाबायच्या आणि गप्प व्हायच्या, आमचं नीट ऐकू यावं म्हणून. संगीताने तिचा जुना फोन चार्जिंगला लावून सगळे व्हिडिओ धुंडाळले. एकात सापडला. चित्रात मी आहे, अंगण आहे, कोंबडी आहे. मॅडम दिसत नाहीत. मागून त्यांचा आवाज येतो, "मावशी, हलवा." बस, इतकाच. त्यापुढे पोरींचं ओरडणं.

मी एकदा ऐकला. पुन्हा लावू नको म्हटलं, बॅटरी जाते.

लेख भावपूर्ण हवा होता ना. आमच्याकडे एवढाच आहे.

आता शुभचिंतन. साठी झाल्यावर शंभर वर्षं जगा म्हणायची रीत आहे. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, नुसत्या वर्षांचा काय उपयोग होतो ते मला माहीत आहे. मी मॅडमांसाठी एवढं मागते की घास सुखाने उतरावा, हात स्थिर राहावेत, शेंगदाणा केसभर सरकवता यावा, आणि दर भाद्रपदात वरवटच्या एसटीतून उतरताना गुडघे धरावे लागू नयेत. आवाज आला तर आनंद आहे. नाही आला तर अंगणात पाट्या आहेत. मी आहे तोवर डबा मी हलवीन, माझ्यामागे संगीता हलवील. तिचा हात जरा जोरात पडतो, पण सुधारेल. ओळीत शेवटची जागा मॅडमांची आहे आणि ती रिकामी ठेवायची, असं मी पोरींना सांगून ठेवलं आहे.

राहिला डबा.

तुम्ही तो रिकामा मागितला. आमच्यात भांडं रिकामं कोणाच्या घरी जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. साठ वर्षं पूर्ण झालेल्या बाईच्या मांडवात मी रिकामा डबा पाठवीन, असं तुम्हाला वाटलं कसं? समारंभाच्या दिवशी संगीता डबा घेऊन येईल. तो भरलेला असेल. झाकणावरून दोरा बांधलेला असेल आणि गाठ माझी असेल. कोणी सोडून पुन्हा बांधली तर मला कळतं. पुसायचा नाही, उघडायचा नाही, आणि मॅडमांच्या हाती पडल्याशिवाय काचेत ठेवायचा नाही. "हात लावू नये" ची पाटी लिहून ठेवली असेल तर ती पुसून टाका आणि तीच मॅडमांपुढे खडूसकट ठेवा, कामाला येईल.

डबा वाजणार नाही. त्यावरून आत काही नाही असं समजू नका. हे मशीनला शिकवायला तुमच्या मॅडमांनी एक वर्ष घालवलं आहे. माणसांना तेवढं लागू नये.

डबा मॅडमांच्या मांडीवर द्या. दोन्ही हातांनी धरू द्या. जड लागतो का, वास येतो का, त्यांच्या हाताला विचारू द्या. घाई करू नका, टाळ्या वाजवू नका. आणि मी सोळा वर्षांत जे केलं नाही ते या वेळी केलं आहे, एवढं त्यांच्या कानात संगीता सांगेल.

हं मॅडम, आता हलवा.

बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. सचिवांनी तर मुळीच नाही. उत्तर मॅडमांनीच द्यायचं.